कोर्ट जबलपूरला गेलं, घुमट नागपुरातच राहिला

हेडफोन लावलेत ना? एसटीत असाल आणि खिडकी मिळाली असेल तर आणखीच छान, कारण आज आपल्याला लांबचा प्रवास करायचा आहे.

ऐकताना सालं आणि नावं निसटतात, असं तुमच्यापैकी बरेच जण कळवतात. म्हणून नेहमीप्रमाणे एपिसोड इथे लिहूनही देतोय. बोलण्याच्या ओघातली भाषा तशीच ठेवलीय, फक्त माझे "म्हणजे", "ॲक्चुअली" आणि मध्येच भुंकलेला शेजारचा कुत्रा एवढं काढून टाकलंय.

आज किल्ला नाही, लढाई नाही, तलवार नाही. आज एक कोर्टाची इमारत आहे. बोअर होईल असं वाटत असेल तर पाच मिनिटं द्या. या इमारतीच्या गोष्टीत निजाम आहे, लंडनचा राजा आहे, नवी दिल्ली बांधणाऱ्या टीममधला एक आर्किटेक्ट आहे आणि शेवटी आपला बुलढाणा जिल्हाही आहे. तोही यादीत पहिल्या नंबरावर. ते कसं, ते पुढे येईलच.

आबाजींनी पाहिलेला घुमट

मी मूळचा वरवट बकालचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: बुलढाणा जिल्हा, संग्रामपूर तालुका, उत्तरेला सातपुडा. रेल्वे पकडायची तर पूर्णा नदी ओलांडून शेगावला जावं लागतं. सध्या मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, आणि रात्री हा पॉडकास्ट.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो, आयुष्यात एकदाच नागपूरला गेले. त्यांच्या चुलत भावाचं वावराच्या धुऱ्याचं भांडण होतं आणि ते अपिलात गेलं होतं. आबाजींचा त्या प्रकरणाशी थेट संबंध नव्हता. पण आमच्याकडे कोर्टात एकट्यानं जात नाहीत, सोबतीला कुणीतरी लागतंच. म्हणून हे गेले. निकाल काय लागला, वकील कोण होता, हे त्यांना पुढे काहीच आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच:

"मले त कोर्टाचं काही समजलं नाही, बापू. पण तो घुमट पायला. अन् व्हरांड्यात असं थंड, असं थंड, बाहेर ऊन कडकड अन् आत जसं आंब्याखाली बसलो."

लहानपणी मला वाटायचं की आबाजी एखाद्या देवळात जाऊन आले असणार, आणि त्यांनी दोन गोष्टींची सरमिसळ केली. कोर्टाला कुठे घुमट असतो? मी पाहिलेलं कोर्ट म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये बसलेले टायपिस्ट, बाहेर चहाची टपरी आणि पेशीची वाट बघत झाडाखाली बसलेली माणसं.

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी नागपूरला गेलो. एक दिवस मोकळा मिळाला, म्हटलं आबाजींचा घुमट बघूनच येऊ. फोनवर "हायकोर्ट" शोधलं, आलेल्यांपैकी पहिलं ठिकाण दाबलं आणि सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या इमारतीपुढे उतरलो. तिथे पाटी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची! नाव "ओल्ड हायकोर्ट बिल्डिंग", पण कोर्ट नाही. चूक माझीच होती, "ओल्ड" हा शब्द मी वाचलाच नव्हता. पण तिथे उभा असताना प्रश्न पडला: एका शहरात हायकोर्टाच्या दोन इमारती कशा? आणि नागपूर जर मुंबई हायकोर्टाचं नुसतं खंडपीठ असेल, तर "नागपूर हायकोर्ट" हे नाव आलं कुठून?

आजचा एपिसोड या प्रश्नातून निघाला.

गाव तेच, वरचं कोर्ट वेगळं

इमारतीकडे जाण्याआधी आधीचा इतिहास पटकन बघू, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

आपलं वऱ्हाड निजामाच्या राज्यात होतं. निजामाकडे "हैदराबाद कंटिंजंट" नावाची फौज होती. ताबा इंग्रजांचा, खर्च मात्र निजामाचा. हा खर्च थकत गेला आणि कर्ज वाढत गेलं. १८५३ मध्ये तह झाला आणि कर्जापोटी वऱ्हाडाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. म्हणून कागदोपत्री नाव पडलं "हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स". सोप्या भाषेत, गहाण पडलेला मुलूख.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये त्यातून मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. म्हणजे नागपूर इंग्रजांचं आणि वऱ्हाड गहाण. दोन्हीकडे राज्य साहेबाचंच, पण कायद्याच्या हिशेबात दोन वेगळी खाती. दोन्हीकडे सर्वांत वरचा न्यायाधीश म्हणजे "ज्युडिशियल कमिशनर". हायकोर्ट हा मान तेव्हा फक्त मोठ्या शहरांना होता. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तिघांना तो १८६२ मध्येच मिळाला होता.

मग १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाशी नवा करार केला. वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं इंग्रजांकडे, निजामाला वर्षाला २५ लाख रुपये. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि लवकरच वऱ्हाडाची अपिलंही नागपूरकडे वळली. दोन वर्षांनी, १९०५ मध्ये, जिल्ह्यांची फेरमांडणी झाली. खामगाव आणि जळगाव, म्हणजे आपलं जळगाव जामोद, हे तालुके अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाणा जिल्ह्यात टाकले. आमचा भाग बुलढाणा जिल्ह्यात आला तो असा.

यातली खरी गंमत ऐका. भाडेपट्टा झाला तरी वऱ्हाडाचा मूळ धनी निजामच राहिला. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा वऱ्हाडाला आपोआप लागू होत नसे, तो वेगळा हुकूम काढून लागू करावा लागे. १९३६ मध्ये निजामाशी पुन्हा करार झाला. त्यात निजामाच्या वारसाला "प्रिन्स ऑफ बेरार" असा किताब मिळाला. गाव आमचं, शेती आमची, कोर्ट नागपूरचं, आणि आमच्या नावाचा राजकुमार हैदराबादेत! आमच्या पणजोबांना यातलं किती माहीत असेल कोण जाणे. त्यांना शेतसारा कुणाला भरायचा आणि पेशी कुठे आहे, एवढंच कळत असणार.

१९३६: तीन राजांचं वर्ष

२ जानेवारी १९३६ रोजी राजा पाचवा जॉर्ज याच्या नावानं सनद निघाली आणि नागपूरला स्वतःचं हायकोर्ट मिळालं. मद्रास हायकोर्टातले न्यायाधीश सर गिल्बर्ट स्टोन पहिले मुख्य न्यायाधीश झाले.

सनदेनंतर १८ दिवसांनी पाचवा जॉर्ज वारला. मग आठवा एडवर्ड आला, त्यानं प्रेमापायी डिसेंबरात गादी सोडली आणि सहावा जॉर्ज आला. म्हणजे नागपूर हायकोर्टानं पहिल्याच वर्षात तीन राजे पाहिले. कोर्टाला मात्र अजून स्वतःचं घर नव्हतं.

नव्या इमारतीची पायाभरणी ९ जानेवारी १९३७ रोजी प्रांताचे गव्हर्नर सर हाइड गोवन यांच्या हातून झाली. उद्घाटन ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी केलं. तीन वर्षांना तीन दिवस कमी! सरकारी बांधकाम, तेही दगडाचं. आपल्या गावच्या रस्त्याशी तुलना करायचा मोह होतोय, पण आवरतो.

खर्च आला ७,३७,७४६ रुपये. आज एवढ्यात पुण्यात पार्किंगसकट वन बीएचकेसुद्धा मिळणार नाही. अर्थात तेव्हाचा रुपया वेगळा होता, ते सोडा. मला आवडला तो शेवटचा आकडा, ४६ रुपये. कुणीतरी बसून शेवटच्या रुपयापर्यंत हिशेब लिहिला होता.

दगड, वीट आणि सावली

आता मुख्य पात्राकडे येऊ. इमारतीचा आर्किटेक्ट होता एच. ए. एन. मेड. नाव फारसं कुणाला माहीत नसतं. पण नवी दिल्ली ज्यांनी उभी केली त्या ल्युटेन्स आणि बेकर यांच्या कामातून हा माणूस तयार झाला होता. दिल्लीत राष्ट्रपती भवनाजवळचं कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन आणि गोल डाकखान्याजवळचं सेक्रेड हार्ट कॅथेड्रल, ही दोन्ही चर्च याचीच. पुढे तो भारत सरकारचा मुख्य आर्किटेक्ट झाला.

हे का सांगतोय? कारण त्यामुळे नागपूरचं हायकोर्ट मुंबईच्या हायकोर्टासारखं का दिसत नाही, ते कळतं.

मुंबईची इमारत कर्नल फुलर यांनी १८७१ ते १८७८ या काळात बांधून घेतली. पूर्ण गॉथिक. उंच टोकदार बुरूज, अरुंद कमानी, वर न्याय आणि दया यांच्या मूर्ती. जणू इंग्लंडातून उचलून आणलेला किल्ला. खांबांवरच्या नक्षीत एक माकड कोरलंय, त्याच्या एका डोळ्यावर पट्टी आणि हातात तराजू. ते कुणी आणि का कोरलं, यावर मुंबईचे वकील आजही किस्से सांगतात.

त्यानंतर साठ वर्षं गेली. तोवर इंग्रजांची इमारतीतून बोलण्याची भाषाच बदलली होती. नव्या दिल्लीत त्यांनी ठरवलं की आराखडा युरोपियन, शिस्तीचा, आरशासारखा दोन्हीकडे सारखा असावा, पण अंगावर कपडे हिंदुस्थानी असावेत. घुमट घ्या, छज्जे घ्या, वालुकाश्म वापरा. मेडनं तीच भाषा नागपुरात आणली. दर्शनी बाजूला अशोककालीन धाटणीचे खांब आणि मधोमध जमिनीपासून १०९ फूट उंचीचा घुमट. हाच तो आबाजींचा घुमट. म्हातारा खोटं बोलत नव्हता.

मूळ इमारत दोन मजली, वीट आणि घडीव वालुकाश्माची. बाहेरून मापं ४०० फूट बाय २३० फूट. शेतकऱ्याच्या हिशेबात सांगतो: आतली मोकळी जागा धरून दोन एकरांपेक्षा थोडी जास्त. एवढ्या क्षेत्रावर आमच्याकडे बऱ्याच लोकांचं अख्खं घर चालतं, आणि त्याच्याच धुऱ्यावरून ते इथवर येतात.

ही मोकळी जागा फार महत्त्वाची आहे. नकाशा डोळ्यांपुढे आणा. एक मोठा आयत, त्याच्या पोटात बाग असलेलं अंगण, आणि दोन्ही मजल्यांवर लांबच लांब व्हरांडे. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहीतच आहे, पारा पंचेचाळीसच्या पुढे. इमारत १९४० ची, म्हणजे एसी नाही. मग काय करणार? भिंती जाड ठेवायच्या, म्हणजे बाहेरचं ऊन आत पोचायला वेळ लागतो. खोलीच्या पुढे व्हरांडा ठेवायचा, म्हणजे ऊन भिंतीवर थेट पडत नाही. मधे अंगण ठेवायचं, म्हणजे आतल्या खोल्यांनाही दोन बाजूंनी उजेड आणि वारा मिळतो.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्या जुन्या वाड्यांचं गणित हेच आहे. जाड भिंत, ओसरी, मधे चौक. मेड लंडनहून आला आणि दिल्लीत शिकला, पण नागपूरच्या उन्हानं त्याला वाडाच बांधायला लावला, फक्त चारशे फुटांचा. आबाजींना आत गेल्यावर आंब्याखाली बसल्यासारखं वाटलं, त्याचं कारण हे.

लिनलिथगो यांनी उद्घाटनाच्या दिवशी या इमारतीला "दगडातली कविता" म्हटलं. व्हाइसरॉय लोक फीत कापताना गोड बोलतात, ते धरून चाला. पण तारीख बघा. जानेवारी १९४०. युद्ध सुरू होऊन चार महिने झालेले. हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढलं म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामे दिलेले. त्यात आपल्या प्रांताचं पंडित रविशंकर शुक्ल यांचं मंत्रिमंडळही होतं. म्हणजे न्यायमंदिराचं उद्घाटन थाटात झालं, पण त्या दिवशी प्रांतात लोकांनी निवडलेलं सरकारच नव्हतं.

घुमटाखालची माणसं

इमारत नुसती दगडाची नसते. आत बसणाऱ्यांनी काय केलं तेही बघायला हवं. दोनच नावं घेतो.

पहिलं नाव विव्हियन बोस. नागपूरच्या नामांकित बोस घराण्यातले. १९३६ पासून इथे न्यायाधीश, १९४९ मध्ये मुख्य न्यायाधीश आणि १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टात. १९४२ च्या आंदोलनाचा काळ आठवा. भारत संरक्षण नियमांखाली माणसं उचलून आत टाकली जात होती, खटला नाही, आरोपपत्र नाही. अशी प्रकरणं याच कोर्टापुढे आली. त्यातलं प्रभाकर केशव तारे यांचं प्रकरण कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. युद्ध चालू असताना सरकारनं माणसाला कोठडीत ठेवलं, तर कोर्टानं कितपत प्रश्न विचारायचे? असा तो पेच होता. बोस यांनी व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूनं सविस्तर लिहिलं. सरकार इंग्रजांचं, इमारत इंग्रजांनी बांधलेली, आणि आत बसून सरकारलाच प्रश्न!

दुसरं नाव मोहम्मद हिदायतुल्ला. नागपुरात वकिली केली, १९४६ मध्ये न्यायाधीश झाले, १९५४ मध्ये नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश. पुढे भारताचे सरन्यायाधीश, काही काळ कार्यवाहक राष्ट्रपती आणि नंतर उपराष्ट्रपती. एका माणसाच्या बायोडेटात एवढं सगळं! पण आपल्या गोष्टीसाठी त्यांचं महत्त्व वेगळंच आहे. नागपूर हायकोर्टाचे ते शेवटचे मुख्य न्यायाधीश.

कोर्ट गेलं, इमारत राहिली

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं. राजधानी नागपूरच. हो, तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो! घरी आजी-आजोबा असतील तर विचारून बघा.

मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. ते राज्य केवढं होतं माहितीय? कच्छच्या रणापासून चांद्याच्या जंगलापर्यंत. उरलेल्या हिंदी भागाला आणखी प्रदेश जोडून नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ.

आता प्रश्न आला हायकोर्टाचा. कायद्यानं काय केलं ते नीट ऐका. नागपूर हायकोर्ट बंद केलं नाही. कायद्यानं म्हटलं की जुन्या मध्य प्रदेशाचं जे हायकोर्ट, तेच नव्या मध्य प्रदेशाचं हायकोर्ट मानावं, आणि त्याचं मुख्यालय जबलपूरला झालं. हिदायतुल्लाही त्याच्यासोबत गेले आणि तिथले पहिले मुख्य न्यायाधीश झाले.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी सांगतो, हे सर्व्हर मायग्रेशन झालं. सिस्टिम तीच, पण दुसऱ्या डेटा सेंटरवर हलवली. जुनी मशीन जागेवरच राहिली आणि तिच्यावर दुसऱ्याच कंपनीची सिस्टिम चढवली. ती दुसरी सिस्टिम म्हणजे मुंबई हायकोर्ट.

म्हणजे कायद्याच्या नजरेतून १९३६ साली जन्मलेलं नागपूरचं हायकोर्ट आज जबलपूरला आहे. आणि त्याच्यासाठी बांधलेल्या घरात मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ बसतं. ज्या प्रांतासाठी हा घुमट उभा केला, तो प्रांत नकाशावरून गेला. ज्या राजाच्या नावानं सनद आली, त्याचं राज्य गेलं. ज्या निजामाची वऱ्हाडावर नावापुरती मालकी होती, त्याचं संस्थानही गेलं. उद्घाटनानंतर सोळा-सतरा वर्षांत एवढं सगळं झालं. व्हरांडे मात्र तेवढेच थंड राहिले.

यादीतलं पहिलं नाव

पण थांबा. सिस्टिम हलल्यावर जुनी मशीन भंगारातही जाऊ शकते. इथे तसं का झालं नाही?

कारण विदर्भातल्या लोकांनी आधीच बोलून ठेवलं होतं. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार आठवा. आपण बहुतेक वेळा तो विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावरून आठवतो. त्याच करारात असंही होतं की नव्या मराठी राज्याच्या हायकोर्टाचं मुख्य ठिकाण मुंबई, आणि दुसरं नागपूर. करार हा नेत्यांमधला शब्द असतो, कायदा नव्हे. पण हा शब्द पुढे कायद्यात उतरला. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे करणारा १९६० चा मुंबई पुनर्रचना कायदा, त्याचं कलम ४१. ते म्हणतं की मुंबई हायकोर्टाचे निदान तीन न्यायाधीश नागपूरला बसतील आणि पुढील जिल्ह्यांतून येणारी प्रकरणं चालवतील. मग जिल्ह्यांची यादी येते.

त्या यादीतलं पहिलं नाव: बुलढाणा.

त्यानंतर अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा आणि राजुरा. यादी पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते, म्हणून आपला नंबर पहिला. यात मोठेपणा काही नाही, निव्वळ भूगोल. पण मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, खरंच सांगतो. ज्या जिल्ह्याचं नाव आपल्याला कायम "मागास" या शब्दासोबतच ऐकायला मिळतं, ते इथे हक्काच्या यादीत होतं. तुमचं म्हणणं ऐकायला न्यायाधीश नागपूरला बसतील, तुम्हाला मुंबई गाठावी लागणार नाही, असं कायदा लिहून देत होता.

याची किंमत अंतरात मोजा. शेगाव ते मुंबई रेल्वेनं साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. शेगाव ते नागपूर तीनशेच्या आत. आबाजी आणि त्यांचे भाऊ रात्रीच्या गाडीनं गेले, सकाळी कोर्टात होते आणि दुसऱ्या दिवशी परत वावरात. सोबत भाकरी आणि ठेचा, राहण्याचा खर्च शून्य. मुंबई असती तर? राहायचं कुठे, खायचं काय, चार दिवस वावर कोण बघणार? माझा अंदाज असा की त्यांनी अपीलच केलं नसतं. भाऊ म्हणाला असता, "जाऊ दे धुरा." न्याय मिळाला की नाही, हा पुढचा प्रश्न. आधी तो मागायला जाता येतं का, हा पहिला.

हे खरं वाटत नसेल तर कोल्हापूरकरांना विचारा. पश्चिम महाराष्ट्रातले वकील आणि पक्षकार कित्येक दशकं आंदोलन करत होते, आम्हाला खंडपीठ द्या म्हणून. शेवटी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९८० च्या दशकात खंडपीठ मिळालं. आपल्याला घुमटासकट आधीपासून मिळालं, म्हणून आपल्याला त्याची किंमत जाणवत नाही, एवढंच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नागपूरही आमच्यापासून जवळ नाही. यादीत पहिले असलो तरी रस्त्यावर आम्ही शेवटचे आहोत. आज ई-कोर्टच्या ॲपवर प्रकरणाची पुढची तारीख गावातून दिसते, काही सुनावण्या व्हिडिओवरही होतात. कदाचित पुढच्या पिढीला घुमट बघायची गरजच पडणार नाही. त्यात वाईट काही नाही. उलट ज्या कारणासाठी हे खंडपीठ नागपूरला ठेवलं, तेच काम आता फोन पुढे नेतोय.

व्हरांड्यात

तर मंडळी, त्या दिवशी मी चुकीच्या इमारतीपुढून निघालो आणि खऱ्या इमारतीपाशी पोचलो. कॉलेजातल्या मित्राची बहीण तिथे ज्युनियर वकील आहे, तिच्यामुळे पास मिळाला. तिला म्हटलं, "ताई, मला खटला वगैरे नाही, फक्त व्हरांडा बघायचाय." ती हसली. म्हणाली, "असा पक्षकार पहिल्यांदाच आला."

दोन्ही बाजूंना नंतर वाढवलेल्या इमारती आहेत, कामाचा पसारा १९४० च्या मानानं कितीतरी वाढलाय. फोटो काढायचे नव्हते, म्हणून नुसता उभा राहिलो. काळे कोट घाईघाईनं जात होते. एका खांबाशी एक म्हातारे बाबा बसले होते. धोतर, टोपी, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत कागद. शेजारी त्यांच्याच वयाचे दुसरे बाबा. त्यांच्याकडे कागद नव्हता, पिशवी नव्हती, काहीच नव्हतं. ते नुसते सोबतीला आले होते.

मी विचारलं, "बाबाजी, कुठले?"

म्हणाले, "मेहकरकडचे. तू?"

"वरवट बकाल."

"मंग त आपल्याच जिल्ह्याचा," ते म्हणाले आणि थोडं सरकून मला बसायला जागा केली.

बाहेर ऊन होतं. बसलो. आबाजी म्हणाले होते तसंच थंड होतं.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या घरातलं कुणी कधी नागपूर खंडपीठात गेलं असेल, पक्षकार म्हणून किंवा नुसतं सोबतीला, तर त्यांना बोलतं करा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. निकालाचे कागद कोर्टात मिळतात. सोबतीला गेलेल्या माणसाची गोष्ट मात्र फक्त घरातच असते.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. राम राम!